जन्मठिकाण: मुक्काम

२ मार्च

ताई,

सही केली नाहीस ते नाहीसच, वर पेन्सिलीनं शेरा मारून कागद परत पाठवलास. "खोट्यावर सही करणार नाही." तेरा वर्षांत तुझ्याकडून आलेले हे चार शब्द. तेही पेन्सिलीनं. मी खोडून टाकावेत म्हणून, की घरात पेन सापडलं नाही? दाजींच्या खिशाला तर कायम दोन असायची.

खोटं काय होतं त्यात? एका रकान्यात मी तुझ्या गावाचं नाव लिहिलं, जन्मठिकाण म्हणून. सोळाव्या वर्षी तू त्या घरात गेलीस, आता साठीला आलीस. चव्वेचाळीस वर्षं एकच उंबरा, एकच नळ, भांडायला एकच शेजारीण. एवढं अख्खं गाव तुझ्याकडे पडून आहे. त्याचं नुसतं नाव धाकट्या बहिणीनं घेतलं तर काय झिजणार होतं त्याचं?

तू विचारणार नाहीस आणि विचारल्याशिवाय सांगायची मला सवय नाही. पण गरज माझी आहे म्हणून सांगते. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. नव्वद मुली. आमचे हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे अकरा वर्षं झाली. झोपते कोठीच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांना पाठ लावून. त्याचं मला काही नाही. खुपतं ते एवढंच, की सुट्टी लागली की वसतिगृहाला कुलूप. मुली आपापल्या गावी जातात. गाडीत बसताना विचारतात, मावशी, तुम्ही नाही जात गावी? मी म्हणते, जाते ना, उद्या. आणि दुसऱ्या दिवशी पेटी उचलून कुणाच्या तरी दारात. एका वर्षी कपडे धुणाऱ्या बाईकडे, एका वर्षी भाजीवाल्याच्या माडीवर. गेल्या वर्षी दवाखान्यात, पेशंटच्या नातेवाइकांसाठी खोली असते तिथे राहिले, कुणाचीच नातेवाईक नसताना. तिसऱ्या दिवसापासून रोज एक बाई विचारायची, तुमचा पेशंट कसा आहे? मी सांगायचे, आहे तसाच आहे.

पेटी तीच, आईची, पत्र्याची. बावन्न वर्षांची झाले मी. हल्ली ती उचलताना कमरेत कळ येते.

आमच्या रेक्टरबाई एकतीस मार्चला निवृत्त होतात. जाण्याआधी मला कायम करून जायचं त्यांच्या मनात आहे. कायम झाले की स्वयंपाकघरामागची खोली मिळते. आत्ता तिच्यात मोडक्या खाटा भरल्यात, पण एक खिडकी आहे, मोरी आहे, आणि दाराला आतून कडी आहे. सुट्टीतही राहता येतं. त्यासाठी कचेरीचा एक अर्ज भरायचा. जन्माची नोंद नसेल तर जन्माच्या वेळी हजर असलेल्या मोठ्या माणसाची सही लागते. आई सोडली तर हजर होतात तुम्ही दोघंच, नाना आणि तू. आई गेली, नाना गेले. उरलीस तू.

दुसरा कागद सोबत घातला आहे. पेनानं सही कर.

फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतेस आणि मी ओरडते, आणि शेवटी दोघींना फक्त एकमेकींच्या घरातली भांडी आपटलेली ऐकू येतात.

बारकी


९ मार्च

ताई,

दोन पानं लिहिलीस आणि सही एकही नाही. अक्षर मात्र अजून तसंच, फळ्यावर सुविचार लिहिल्यासारखं. "जिथे जन्मलीस तिथलं लिही, शाळेचा दाखला काढ, कागदाला कागद लागतो." अक्कल शिकवलीस, बरं केलंस. दाखला माझ्याकडे आहे, तिसरीपर्यंतचा. त्यावर काय लिहिलंय ते तू पाहिलेलं नाहीस.

तो घेऊन मी कचेरीत गेले. तिथला कारकून माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक कागद दोनदा वाचतो, एकदा मनात आणि एकदा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा.

"जन्मठिकाण, मुक्काम," तो म्हणाला. "मुक्काम काय?"

"मुक्काम."

"अहो, मुक्काम अमुक, मुक्काम तमुक. पुढचं नाव काय?"

"पुढे काही नाही."

"बाई, मुक्काम म्हणजे गाव नव्हे. मुक्कामाच्या पुढे गाव येतं."

"आमच्याकडे मुक्कामाच्या पुढे दुसरा मुक्काम यायचा," मी म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला आणि गावांची यादी काढली. खरंच शोधलं त्यानं, बोट फिरवत फिरवत, सगळा 'म' संपेपर्यंत. मग म्हणाला, "नाही हो," आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ते गाव पेटीत घालून आणलंय.

तुझं तेव्हा लग्न झालं नव्हतं, तेव्हा तुला आठवत असेल. नाना मला पहिल्यांदा शाळेत घालायला घेऊन गेले. मास्तरांनी विचारलं, जन्म कुठला? नाना म्हणाले, "मुक्कामात झाली." त्यांना म्हणायचं होतं की रस्त्याचं काम पुढे सरकलं, तळ हलला, आणि वाटेत जिथे ट्रक थांबला तिथे झाली. मास्तरांनी मान हलवली आणि गावाचं नाव म्हणून लिहून टाकलं. पुढच्या तिन्ही शाळांनी त्यावरून उतरवून घेतलं. तळावरच्या निम्म्या पोरांचं असंच झालं असणार. कागदावर आम्ही सगळे एकाच गावचे.

आणि बापाचं काम काय, तर मैलाचे दगड रंगवायचे. मी डबा घेऊन जायचे त्यांच्याकडे. आधी दगडाला पांढरा हात, तो वाळला की सुतळीला कोळसा लावून दोन रेघा मारायच्या, आणि मग मुकादमानं दिलेली चिठ्ठी डाव्या हातात धरून काळ्या रंगानं अक्षरं. नाना अक्षरं लिहायचे नाहीत, काढायचे. चिठ्ठीत जसं दिसेल तसं. एकदा मुकादमाच्या चिठ्ठीवर चहाचा डाग पडला होता तर दगडावर एका गावाला नसता अनुस्वार मिळाला. अजून असेल तो. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची गावं काढली आणि त्यांना कुणी विचारलं, नाना तुम्ही कुठले, तर म्हणायचे, "सध्या सत्तेचाळिसाव्या मैलावर." त्यांना त्यात काही कमी आहे असं कधी वाटलं नाही. तुला वाटायचं. तू तळावरच्या पोरींशी खेळायचीस तेव्हाही घर-घर खेळायचीस आणि दगडांनी भिंती आखायचीस. मी पाय लावून मोडल्या की मारायचीस.

मला दर वर्षी तीस नव्या मुली विचारतात, मावशी, तुम्ही कुठल्या? मुलींचं हे पहिल्या आठवड्यातलं काम असतं. पानं वाढताना एवढी मोठी गोष्ट कुठे सांगत बसू? जे तोंडात येईल ते सांगते. एकीला नदीकाठचं, एकीला डोंगरातलं. परवा एक चष्मेवाली ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, सोमवारी तुम्ही दुसरं गाव सांगितलं होतं." मी म्हटलं, "सोमवारी मी तिथलीच होते. भात वाढू का?" ती हसली. मला नाही हसू आलं. खोटं नव्हतं गं ते. तिथेही राहिलेच होते दीड वर्ष.

आता तू खरं लिही म्हणतेस तर खरं तुझ्याकडेच आहे. ट्रक नदीवरच्या पुलापाशी थांबला होता एवढं मला ठाऊक आहे. आई म्हणायची, पूल ओलांडला आणि मग कळा सुरू झाल्या. नाना म्हणायचे, छे, पुलाच्या आधीच. दोघं यावरून जन्मभर भांडली. पुलाच्या अलीकडचं गाव वेगळं, पलीकडचं वेगळं. तू आठ वर्षांची होतीस. भर दुपारी तुला कळशी देऊन नदीवर पाठवलं होतं. तू कुठून कुठे पाणी आणलंस ते तुला माहीत असणार. लहानपणी मी विचारलं की म्हणायचीस, "नाही सांगत जा." चिंचा दिल्या, रिबीन दिली, तरी नाही सांगितलंस.

म्हणून तुझं गाव लिहिलं. माझ्याकडे दुसरं नव्हतं.

बारकी


१४ मार्च

ताई,

पूल विचारला मी, आणि तू उत्तर काय लिहितेस? "आधी एक सांग. नाना आमच्याकडे आजारी होते तेव्हा मी पाठवलेलं पत्र तुला कधी मिळालं?" हे काय मध्येच? तेरा वर्षांपूर्वी सांगून झालंय. फोनवर सांगितलं, ओरडून सांगितलं. आमचा तळ हलला होता, पत्र आधीच्या मुक्कामावर गेलं, तिथून फिरत फिरत अकराव्या दिवशी हातात पडलं. त्याच्या दोन दिवस आधीच नाना गेले होते. आता पुन्हा तेच किती वेळा लिहू? रस्त्याच्या कामावरच्या माणसांचं टपाल असंच येतं. चव्वेचाळीस वर्षं एकाच दारात पोस्टमन बघितलेल्या बाईला ते कळायचं नाही.

आणि वर म्हणतेस, मी लग्नातला राग नानांवर काढला. बरं, तूच काढलंस लग्नाचं, तर होऊन जाऊ दे.

तुझ्या लेकीचं लग्न. दोन दिवसांचा प्रवास करून मी आले. तळावरच्या चाळीस माणसांचा स्वयंपाक आमच्या ह्यांच्या गळ्यात मारून आले. रोलर चालवणारा माणूस तो, त्याला भाताचं पाणी कळत नाही. तुझ्या मांडवात आचारी भाजी करपवत होते म्हणून मी पदर खोचून आत गेले, झारा हातात घेतला. बाहेर आले तर तुझी विहीणबाई तुला विचारत होती, "ह्या कुठल्या?" तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हाताला तेल होतं. तू म्हणालीस, "लांबची आहे."

विहीणबाईंनी मान डोलावली. संपलं. पुढे दोन दिवस सगळे माझ्याशी लांबच्यांशी बोलतात तसे गोड बोलले.

आता तू लिहितेस की तुला म्हणायचं होतं, लांबून आलेली. मग लांबून आलीये म्हणायचं होतंस. एका आईच्या पोटातली बाई लांबची नसते. आमच्या चष्मेवालीला विचारलं, लांबची आणि लांबून आलेली यात फरक काय गं. ती म्हणाली, "मावशी, एक नातं आहे आणि एक अंतर." शिकलेली आहे. तुला पंधरा वर्षांत सुचलं नाही ते तिला आमटीत पळी घालताना सुचलं.

मी तो राग गिळला. नानांवर काढला नाही. पत्र उशिरा मिळालं, एवढंच. तारीख एकोणतीस, शुक्रवार. त्यानंतर कारकून अर्ज घेणार नाही. तू सही करतेस का तेवढं सांग.

बारकी


२० मार्च

ताई,

तुझ्या पाकिटात पत्र नव्हतं. एक गुलाबी पोचपावती निघाली. मी कणीक मळत होते, दोन्ही हात पिठाचे, म्हणून रेक्टरबाईंनी पाकीट फोडून दिलं आणि ती जमिनीवर पडली. त्यांनी उचलून कट्ट्यावर ठेवली. म्हणाल्या, "जुनी दिसतेय. तुमची सही आहे." मी म्हटलं, हो, माझीच आहे. आणि मळत राहिले. ती कणीक इतकी मळली गेली की संध्याकाळी मुली म्हणाल्या, आज मऊ झालंय सगळं.

तू ते पत्र रजिस्टरनं पाठवलं होतंस हे मी विसरून गेले होते. सही केल्याचं विसरले होते, तारखेचं विसरले होते. तू नाही विसरलीस. कुठे ठेवली होतीस तेरा वर्षं? देवाशपथ, मला आठवतंय, मी फोनवर ओरडत होते की पत्र वेळेवर आलं नाही, आणि तू गप्प होतीस. मला वाटायचं तू रडतेयस. तू पावती हातात धरून बसली होतीस.

तर ऐक. पत्र दुसऱ्या दिवशीच आलं. मुकादमाच्या जीपमधून टपाल यायचं, त्यातून. नाना जायच्या आठ दिवस आधी. तळ हलायचा होता हे खरं आहे, पण दोन आठवड्यांनी. आमचे हे म्हणाले, "जा तू. जेवणाचं मी बघतो. जाळीन, पण बघीन." गाडी होती. पेटी भरलेली होती. राग होता, पण इतका नव्हता.

तू पत्रात एक ओळ लिहिली होतीस. तुला आठवत असेल नसेल, मला पाठ आहे. "नाना आता कुणालाच ओळखत नाहीत. जो येईल त्याला विचारतात, तुम्ही कुठले? मलाही विचारतात, बाई, तुम्ही कुठल्या?"

ताई, मला हे सगळ्यांनी विचारलंय. मास्तरांनी, नर्सनं, दुकानदारांनी, प्रत्येक नव्या तळावरच्या प्रत्येक बाईनं, विहीणबाईंनी, आता कारकुनानं. विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी तोंडाकडे बघतात, हिच्याशी किती बोलायचं ते ठरवायला. ज्यानं कधी विचारलं नाही असा एकच माणूस होता. त्याला विचारायची गरज नव्हती, तो तिथेच होता. मी त्याच्याकडे दोन दिवस प्रवास करून यायचं, खाटेशी बसायचं, आणि त्यानं मान वळवून मला म्हणायचं, बाई, तुम्ही कुठल्या?

मला ते ऐकायचं नव्हतं. बाकी कारण नाही. रोज पेटी दारापर्यंत आणायचे आणि रोज परत आत ठेवायचे. पत्र पिठाच्या डब्याखाली होतं. दहाव्या दिवशी दाजींचा निरोप आला. त्या दिवशी मी पत्र काढलं आणि ह्यांना म्हटलं, बघा, आज आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हो, आजच आलं." पुढच्या वर्षी ते गेले, पण एकदाही वेगळं बोलले नाहीत. म्हणजे खोट्यावर सही करणारं माणूस मला मिळालं होतं. तू मात्र तशी नाहीस, ते मला मार्च लागल्यापासून कळतंय.

माफी कशी लिहितात ते तिसरीपर्यंत शिकवत नाहीत. वरच्या पानावर लिहिलंय त्यातच ती आहे असं समज, नसली तर नाही.

अर्जातलं तुझं गाव मी खोडलं. रकाना कोरा ठेवलाय. चष्मेवाली म्हणाली, "मावशी, माझं गाव लिहा. एवढं मोठं आहे, एक बाई वाढली तर कुणाला कळणारही नाही." मी म्हटलं, सही करणारी बाई कडक आहे. कारकुनाला सगळं सांगितलं, पुलाचंसुद्धा. त्यानं ते दोनदा वाचल्यासारखं दोनदा ऐकलं आणि या वेळी रांगेला ऐकवलं नाही. म्हणाला, "नदीचं नाव आहे ना? मग अलीकडे की पलीकडे तेवढं मोठ्या बहिणीकडून लिहून आणा. गाव मी शोधतो. नाव नसलं गावाला तर किती मैलांवर ते लिहू." किती मैलांवर लिहू म्हणाला. नाना असते तर त्याला रंगाचा डबा दिला असता.

खोलीतल्या खाटा काल बाहेर काढल्या. मी आत उभी राहून कडी लावून बघितली. गंजलीय, पण बसते. पुन्हा काढली. अजून माझी नाही ती.

तर दोन गोष्टी लिही. एक, कचेरीसाठी. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, आणि खाली सही. जे असेल ते. मला कुठलंही चालेल, मी दोन्हीकडची भांडणं ऐकून मोठी झालेय.

दुसरी कचेरीसाठी नाही. नानांनी तुला विचारलं, बाई, तुम्ही कुठल्या, तेव्हा तू काय सांगितलंस? सासरचं गाव सांगितलंस का? आणि ते ऐकून ते काय म्हणाले? तू तिथे बसलीस, रोज ऐकलंस, रोज काहीतरी उत्तर दिलं असशील. मी पळाले आणि तू बसलीस, एवढं आता मी पेनानं लिहितेय. पण काय सांगत होतीस ते मला हवंय. तुझ्याशिवाय ते कुणाला ठाऊक नाही.

सही नाही केलीस तरी माझी पेटी आहे, कंबर आहे तशी आहे, दवाखान्यातली ती बाई अजून पेशंटची चौकशी करत असेल. दुसरीचं उत्तर मात्र पाठवायचंच. गुरुवार, अठ्ठावीस तारखेच्या टपालानं माझ्या हातात पडलं पाहिजे. रजिस्टरनं पाठव, मी त्याच दिवशी सही करून घेईन. आणि पेन्सिलीनं लिहू नकोस.

बारकी